समोरची भिंत

१

दोरी ओढली आणि पडदा पहिल्याच हिसक्यात सरकला. उद्घाटनाचे पडदे ऐन वेळी अडकतात. तसं होऊ नये म्हणून तर मुख्याध्यापक माधव उकिडवे यांनी दुपारीच तालीम ठेवली होती. पडद्याने आपलं काम चोख केलं. पडद्यामागे मात्र काहीच नव्हतं. नव्या सभागृहाच्या दक्षिणेच्या भिंतीवर एक मोकळा खिळा तेवढा होता.

"तसबीर?" माधवसरांनी विचारलं. मग त्यांनी पडदा मिटून पुन्हा एकदा उघडून पाहिला. घाबरलेला माणूस काय वाटेल ते करतो.

समोर उभ्या असलेल्या उत्तरेश्वर नागरगोजे यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. सुबोधिनी प्रशालेची ही नवी इमारत उभी राहिली ती मुख्यतः त्यांच्या देणगीवर. परळीकडून आलेला हा मुलगा याच शाळेत शिकला, पुढे चाकणला त्याने कारखाना काढला, आणि आता मोठ्या भावाच्या स्मरणार्थ शाळेला इमारत दिली. भावाचं नाव वैजनाथ. दहाएक वर्षांपूर्वी खडकवासल्याच्या काठावर त्याचा सदरा आणि चपला सापडल्या होत्या. तो स्वतः सापडलाच नाही. संध्याकाळी पाहुण्यांच्या हस्ते त्याच्याच तसबिरीचं अनावरण व्हायचं होतं.

श्यामलाबाई करंबेळकर पहिल्या रांगेत सूत्रसंचालनाचे कागद घेऊन बसल्या होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी शाळेत कार्यक्रम म्हटला की सगळ्यांना त्याच आठवत, कारण त्या मानधन घेत नसत आणि कुणाला फार वेळ बोलू देत नसत. शिकवायच्या भूगोल, पण त्यांची खरी कीर्ती वेगळीच होती. वर्गात कुणाचं पेन गेलं की इतर शिक्षक दप्तरं झाडायचे. बाई नुसते प्रश्न विचारायच्या, आणि पेन शाळा सुटायच्या आत आपल्या पायांनी परत यायचं.

त्या उठून खिळ्याखाली गेल्या. तिथे एक खुर्ची होती, खुर्चीवर स्वच्छ रुमाल पसरलेला होता आणि रुमालावर चंदनाचा हार नीट वेटोळं करून ठेवलेला होता.

"हा हार कुणाचा?"

"मीच घातला होता, बाई," उत्तरेश्वर म्हणाले. बाई त्यांना भूगोल शिकवत असत, त्यामुळे चाकणचे मालक त्यांच्यापुढे अजून हात मागे बांधून उभे राहात. "सकाळी वास्तुशांतीला बसायच्या आधी. हार घातला, नमस्कार केला, पडदा ओढला आणि खाली मांडवात गेलो."

फाटकावरच्या पहारेकऱ्याला बोलावण्यात आलं. फाटक एकच. पूजेपासून आतापर्यंत एवढी मोठी वस्तू घेऊन कुणी बाहेर गेलेलं नव्हतं, हे त्याने शपथेवर सांगितलं. म्हणजे तसबीर आवारातच होती. पण त्याने आणखीही एक सांगितलं. सगळे पूजेला बसले होते तेव्हा चित्रकलेचे शिधयेसर तेवढे सभागृहाकडे गेले होते.

आमोद शिधये दारातच उभा होता. वैजनाथची तसबीर रंगवली होती ती यानेच.

"आता कळलं!" उत्तरेश्वर उसळले. "बाई, माझ्या भावाचे केस काळेभोर होते. ह्यांनी पिकवले. मी म्हटलं, काळे करा. हे म्हणाले, नाही करणार. परवा आमची चांगली जुंपली. त्याचा राग काढला ह्यांनी!"

"आमोद, तुम्ही तिथे होतात?" माधवसरांनी विचारलं.

"होतो," आमोद म्हणाला. "पण मी काही चोरलेलं नाही." बस्स. एवढं बोलून त्याने ओठ मिटले ते मिटलेच.

उत्तरेश्वरांनी माधवसरांकडे पाहिलं. "पाहुणे यायच्या आत तसबीर भिंतीवर हवी. नाही आली तर मी पोलिसांत जातो आणि ह्या माणसाचं नाव देतो. मग तुम्हाला हा शाळेत ठेवायचा असेल तर खुशाल ठेवा!"

२

"बाई, तुम्हीच काहीतरी करा," माधवसर कचेरीत आल्याबरोबर म्हणाले. तेही बाईंचेच विद्यार्थी. "आमोद अजून कायम झालेला नाही. पोलीस केस झाली तर संस्था त्याला एक दिवससुद्धा ठेवणार नाही. आणि खरं सांगतो, त्याच्यासारखा चित्रकलेचा शिक्षक मला पुन्हा मिळायचा नाही."

"नोकरी गेली तर दुसरी मिळेल," बाई म्हणाल्या. "चोर म्हणून गेली तर मिळायची नाही. कुठल्याच शाळेत. तुला त्याच्याबद्दल काय वाटतं?"

"तो चोरी करणार नाही. पण मग बोलत का नाही?"

बाईंनाही तोच प्रश्न पडला होता. मुकाट बसणारी मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. गुन्हेगार मुलं सहसा गप्प बसत नाहीत. ती भराभरा बोलतात. गप्प बसतो तो दुसऱ्या कुणाला तरी पाठीशी घालणारा.

"तसबीर नाहीशी झाल्याने कुणाचा फायदा?"

माधवसरांनी दार बंद आहे ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "घळसासी."

बद्रीनाथ घळसासी हे संस्थेचे जुने विश्वस्त. नव्या सभागृहाला आपल्या वडिलांचं नाव लागावं म्हणून त्यांनी दोन वर्षं घोडं दामटलं होतं; शेवटी उत्तरेश्वरांची देणगी मोठी ठरली आणि घोडं तिथेच अडलं. तेव्हापासून ते जुन्या हॉलच्या मागे लागले होते.

जुन्या हॉलची एक रीतच होती. दक्षिणेच्या भिंतीवर दिवंगत देणगीदार, हार घातलेले. समोर, उत्तरेच्या भिंतीवर, हयात देणगीदार, बिनहाराचे. एखादा देणगीदार वारला की शिपाई शिडी आणायचा आणि त्याची तसबीर उत्तरेवरून काढून दक्षिणेला लावायचा. त्यामुळे सुबोधिनीत कुणी 'वारले' असं म्हणतच नसत. 'भिंत बदलली' म्हणत. बाहेरच्या माणसाला हे ऐकून धक्का बसे, पण शिक्षकांच्या खोलीत त्याची इतकी सवय झाली होती की शोकसभेचं पत्रकही एकदा तसंच छापलं जाता जाता राहिलं.

"दिवाळीत डॉक्टर आपटीकरांनी भिंत बदलली," माधवसर म्हणाले. "उत्तरेचा एक खिळा रिकामा झाला आणि घळसासींची झोप उडाली. नव्या सभागृहात वडील नाहीत तर निदान जुन्या हॉलमध्ये आपण तरी—"

तेवढ्यात पहारेकरी न विचारताच आत आला.

"सर, घळसासीसाहेबांच्या गाडीची डिकी उघडी होती. आत एक मोठी तसबीर आहे. कापडात गुंडाळलेली."

३

बद्रीनाथ घळसासी गाडीपाशी आधीच येऊन उभे होते. पांढराशुभ्र झब्बा, कपाळावर आठी.

"अस्सं! विश्वस्तांच्या गाड्यांची झडती घ्यायची पद्धत कधीपासून सुरू झाली? माझ्या डब्यात काय भाजी होती तेही बघून घ्या."

"कापड तेवढं काढाल का?" श्यामलाबाईंनी विचारलं.

"आणि नाही काढलं तर?"

"तर मी काढेन. आणि माझ्या हातून फाटलं तर भरपाई मागू नका."

घळसासींनी नाइलाजाने गाठ सोडली. कापड गळून पडलं. माधवसर पुढे झुकले आणि लगेच मागे झाले. तसबिरीतून बद्रीनाथ घळसासीच हसत होते, खऱ्या बद्रीनाथांना कधी कुणी पाहिलं नव्हतं इतके प्रसन्न.

"आजच लावून घेणार होतो," ते घसा खाकरून म्हणाले. "सकाळी येऊन मापसुद्धा घेतलं. वास्तुशांतीत मला काही रस नव्हता. दुसऱ्याच्या वास्तूची शांत करून मला काय मिळणार?"

"म्हणजे सकाळी तुम्ही जुन्या हॉलमध्ये होतात. खिळा रिकामा होता?"

"मग काय, आपटीकर परत आले असतील?"

बाई हसल्या. घळसासी लबाड नव्हते, नुसते हावरे होते, आणि नावाचा हावरेपणा पुण्यात गुन्हा धरला जात नाही. तसा धरला असता तर निम्म्या इमारतींवर पाट्याच राहिल्या नसत्या.

पण वेळ चालला होता. वर्ग, भांडार, प्रयोगशाळा, गच्ची, सगळीकडे शिक्षक शोधून आले होते. कुठेच काही नव्हतं. डोकं शांत करायला बाई चहासाठी जुन्या हॉलमध्ये गेल्या. तिथे आचाऱ्यांनी टेबलं मांडली होती, पेढ्यांचे खोके रचले होते, आणि माणसांची नुसती ये-जा चालली होती. उत्तरेच्या भिंतीवरून हयात देणगीदार, टोप्यांतले, सुटांतले, पदर घेतलेले, सलग रांगेने त्या खोक्यांकडे बघत होते. दक्षिणेवरून दिवंगतही बघत होते. त्यांच्याकडे मात्र कुणीच बघत नव्हतं. देणगीदारांच्या तसबिरींकडे देणगीदार सोडून कुणी कधी बघतच नाही.

कोपऱ्यात एक बाई एकट्याच चहाचा पेला धरून बसल्या होत्या. उत्तरेश्वरांच्या वहिनी, वैजनाथची बायको मुक्ताई. कपाळावर ठसठशीत कुंकू, गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा. नवरा गेल्यावरही कुंकू न पुसणारी बाई पाहून श्यामलाबाईंना फार बरं वाटलं. त्यांनी स्वतःही टिकली सोडली नव्हती आणि त्यावरून नणंदेशी संबंध तोडले होते.

"दीर तुमचे फार चिडलेत," त्या शेजारी बसत म्हणाल्या.

"चिडत्यात. मनानं वाईट न्हाईत." मुक्ताई कात्रजला विद्यार्थ्यांची खानावळ चालवत होत्या, इतकी वर्षं पुण्यात राहूनही बोली परळीचीच होती. "विश्रांतवाडीला बंगल्यात ऱ्हायला या म्हनत्यात. मीच जात न्हाई."

"का हो? एवढ्या मायेने बोलावतात तर?"

"आमची कात्रजची खोली हाय ती बरी. मालक बदलला, भाडं वाढलं, तरी म्या खोली न्हाई सोडली." त्यांनी पेला हातात फिरवला. "बाई, त्या मास्तरांचं काय करनार?"

"तसबीर सापडली नाही तर नोकरी जाईल. पोलीसही येतील."

मुक्ताईंनी पेला खाली ठेवला. ठेवताना चहा बशीत सांडला. "पोलीस? एका तसबिरीपायी?"

"तुमच्याच नवऱ्याची तसबीर आहे, मुक्ताई."

त्या पदराने बशी पुसू लागल्या. एवढा वेळ झाला तरी नवऱ्याची तसबीर गेल्याबद्दल त्यांनी हळहळ म्हणून व्यक्त केली नव्हती, हे श्यामलाबाईंच्या तेव्हा लक्षात आलं.

४

आमोद चित्रकलेच्या खोलीत ब्रश धूत बसला होता. ब्रश केव्हाच स्वच्छ झाले होते.

"हे बघा," बाई बाकावर बसत म्हणाल्या, "तुम्ही काय केलंत ते मी विचारत नाही. चित्राबद्दल विचारते. ते कशावरून काढलंत?"

आमोदने भिंतीला टाचलेला एक छोटा फोटो दाखवला. कृष्णधवल, कडा झिजलेला. विशी-पंचविशीतला एक पोरगा, डोक्यावर टोपी, नजर बाजूला.

बाईंनी चष्मा वर करून तो जवळून पाहिला. त्यांना हा चेहरा आठवत होता. धाकट्याचा डबा घेऊन मधल्या सुट्टीत फाटकाबाहेर सायकल धरून उभा राहणारा, आत ये म्हटलं तरी कधी आत न येणारा. स्वतः शाळेची पायरी न चढलेल्या त्या पोराने धाकट्याला इथे शिकवलं होतं. 

"तुमच्या चित्रात हा केवढा आहे?"

"पन्नाशीच्या पुढे."

"केस पिकलेले. आणखी काय?"

"डोळ्यांखाली थोडी सूज. डाव्या भुवईवर जखमेची खूण. पुढचा एक दात किंचित तिरका." आमोद सांगता सांगता रंगला. "ओठ मिटले तरी तो जाणवायला हवा होता. चार वेळा पुसून काढला."

"फोटोत तोंड मिटलेलं आहे. भुवई टोपीखाली आहे. मग तुम्हाला हे सांगितलं कुणी?"

आमोदने पुन्हा एक ब्रश पाण्यात बुडवला. आपण बोलायला नको होतं तेवढं बोललो, हे त्याला कळलं होतं.

"उत्तरेश्वरने नाही सांगितलं," बाई पुढे म्हणाल्या. "तो तर केस काळे करा म्हणत होता. मेलेल्या माणसाचं वय तो गेला त्या दिवशी थांबतं, आमोद. त्याचं चित्र काढताना कुणी त्याला म्हातारा करत नाही. तुम्ही अडून बसलात, मोठ्या देणगीदाराशी भांडलात, नोकरी पणाला लावलीत. ते स्वतःसाठी नाही."

"मी शब्द दिलाय, बाई."

"पाळा. मी कुठे मोडायला सांगते?" त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. एक हात दाराच्या चौकटीवर तसाच राहिला. खुर्चीवरचा हार त्यांना आठवला, रुमालावर जपून ठेवलेला. मग घळसासींचा रिकामा खिळा आठवला. मग जुन्या हॉलमधली सलग रांग.

"काय झालं?" आमोदने घाबरून विचारलं.

"मी मूर्ख आहे," श्यामलाबाई म्हणाल्या. "अहो, ती तसबीर मी पाहिलीय. मघाशी तिच्यासमोर बसून चहा प्यायले!"

५

जुना हॉल बाईंनी रिकामा करवून घेतला. आचारी बाहेर गेले. आत राहिले माधवसर, उत्तरेश्वर, घळसासी आणि आमोद. मुक्ताई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठल्या नाहीत आणि त्यांना कुणी उठवलंही नाही. फाटकाशी सनईवाले सूर लावायला लागले होते. पाहुणे खडकीपर्यंत आल्याचा फोन येऊन गेला होता.

"बाई, वेळ नाहीय," उत्तरेश्वर म्हणाले. "मी फोन लावतो पोलिसांना."

"लाव. पण आधी उत्तरेची भिंत बघ."

उत्तरेश्वर वळले. रांगेवरून नजर फिरवत गेले आणि मध्येच थबकले. काळ्या टोपीतले एक सराफ आणि नऊवारीतल्या एक आजीबाई यांच्यामधून, पिकल्या केसांचा वैजनाथ त्यांच्याकडे बघत होता. गळ्यात हार नव्हता.

"हा खिळा माझा—" घळसासी म्हणाले, आणि माधवसरांनी त्यांचा दंड इतका घट्ट धरला की ते पुढे बोललेच नाहीत.

"मी सगळ्यांत आधी हाराचा विचार केला," श्यामलाबाई सांगू लागल्या. आवाज वर्गातलाच होता. "ज्याला वैजनाथचा राग असेल तो हार भिरकावून देईल. ज्याला उत्तरेश्वरचा राग असेल तो तसबीर फाडेल. इथे हार रुमालावर ठेवला होता आणि तसबिरीला ओरखडाही नाही. म्हणजे ज्याने हे केलं त्याला माणूसही प्रिय होता आणि हार देणाऱ्याचाही अपमान करायचा नव्हता. फक्त त्या गळ्यात तो हार नको होता."

बाई तसबिरीकडे वळल्या.

"मग पिकलेले केस. चित्रकाराला हा चेहरा कुणीतरी दात-भुवईसकट सांगितला होता, आणि सांगणाऱ्याच्या मनात वैजनाथचं वय वाढतच होतं. मग घळसासी म्हणाले, सकाळी खिळा रिकामा होता. दुपारी रांग सलग होती. माझ्या डोळ्यांना दिसलं, डोक्यापर्यंत पोचलं नाही. चोर असता तर त्याने तसबीर लपवली असती. ही लपवलेली नाहीच. ती जिथे असायला हवी असं कुणालातरी वाटलं, तिथे लावलीय. चौकशी करायची ती चोराची नव्हती. वैजनाथला जिवंत मानणारं इथे कोण आहे, एवढंच बघायचं होतं. कुंकू माझ्या समोर होतं, आणि मी आपली सुधारणेचं कौतुक करत बसले!"

"म्हणजे तुम्ही—" उत्तरेश्वर आमोदच्या अंगावर धावून गेले. "माझ्या पाठीमागे, माझ्या घरच्या माणसाला हाताशी धरून!"

"मास्तरांना काय म्हनू नका, भाऊजी." मुक्ताई उभ्या राहिल्या होत्या. "हार म्या काढला. त्यांनी निस्ती तसबीर उचलली. केस, दात, भुवई, समदं म्याच सांगितलं व्हतं त्यांना."

त्या पुढे आल्या. पूजा चालली असताना त्यांना तसबीर एकदा एकटीने बघायची होती. आमोद पुढे गेला आणि त्या मागच्या दाराने त्याच्याकडे पोचल्या. पडदा सरकवला, आणि नवऱ्याच्या गळ्यात चंदनाचा हार दिसला.  संध्याकाळी पाचशे माणसांत पडदा उघडणार आणि त्या क्षणी, सगळ्यांच्या देखत, आपण विधवा होणार.

"बारा वर्सं वाट बघायची आसती, भाऊजी. मंग दर्भाचा पुतळा करून किरिया. आपल्याकडं हीच रीत हाय. अजून बारा झाली न्हाईत. तुमी एवढी घाई कामून केली?"

"वहिनी, कोर्टानं सांगितलंय. सदरा सापडला, चपला सापडल्या—"

"कोर्टानं सांगितलं. त्यांनी कुठं सांगितलं?" मुक्ताईंचा आवाज चढला नाही. "ते हायेत, आसं म्या म्हनत न्हाई. मला कुठं ठावं हाय? पन ते न्हाईत, हे तुमाला बी ठावं न्हाई."

उत्तरेश्वरांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"उत्तरेश्वर," श्यामलाबाईंनी हळूच विचारलं, "तुला तो गेलेलाच का हवाय?"

प्रश्न क्रूर होता आणि बाईंना ते माहीत होतं. पण अर्धवट सोडलेला प्रश्न त्याहून क्रूर असतो, हे त्या आयुष्यभर वर्गात शिकल्या होत्या.

"आदल्या दिवशी मी त्याला बोललो, बाई," उत्तरेश्वर भिंतीकडे बघत म्हणाले. "कारखान्यात, सगळ्या कामगारांपुढे. म्हटलं, दादा, तुला अक्षरओळख नाही, तू मला अक्कल शिकवू नकोस." ते रडायला लागले. "ज्यानं मला शिकवलं त्याला मी असं बोललो. तो पाण्यात गेला असेल तर तो अपघात होता. पोहायला उतरला आणि दम लागला. मी रोज स्वतःला तेच सांगतो. पण तो जिवंत असेल, तर तो येत नाहीय. माझ्यामुळं येत नाहीय. हे घेऊन मी कसा जगू?"

घळसासींनी नजर जमिनीवर वळवली. माधवसरांना काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी घड्याळ पाहिलं आणि लगेच त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

मुक्ताई दिराच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "तुमच्यामुळं आसंल. माझ्यामुळं बी आसंल. त्या रातीला म्या त्यांना ताट वाढलं आन् पाठ फिरवून निजले. का जेवले न्हाईत, ते इचारलं बी न्हाई. आले की दोघं मिळून इचारू."

उत्तरेश्वर तसबिरीजवळ गेले. मग त्यांनी लहान मुलासारखं विचारलं, "वहिनी, केस खरंच एवढे पिकले असतील?"

"तुमचंच बघा की. ते तर तुमच्याहून थोरले हायेत."

उत्तरेश्वरांचा हात आपल्या कलप लावलेल्या केसांवर गेला आणि तिथेच राहिला.

६

पाहुण्यांची गाडी फाटकात शिरली तेव्हा माधवसर अजून तिथेच घुटमळत होते.

"पण शिस्तीचं काय?" ते म्हणाले. "आमोदने न सांगता तसबीर हलवली. संस्थेला मी काय कळवू?"

"ज्याची तसबीर, त्याच्या बायकोने सांगितलं म्हणून हलवली, असं कळव," श्यामलाबाई म्हणाल्या.

उत्तरेश्वरांनी डोळे पुसले आणि आमोदपुढे जाऊन उभे राहिले. "सर, मी तुम्हाला चोर म्हणालो. चारचौघांत म्हणालो. माफी पण चारचौघांतच मागेन." मग ते माधवसरांकडे वळले. "ह्यांना सोडू नका. माझ्या भावाचं तोंड आता माझ्यापेक्षा ह्यांना जास्त ठाऊक आहे."

"आणि माझी तसबीर?" घळसासींनी क्षीण आवाजात विचारलं.

"आणखी एक खिळा ठोकू," बाई म्हणाल्या. "जिवंत माणसांना जागा कमी पडू द्यायची नाही."

पडद्याचा कार्यक्रम रद्द झाला. श्यामलाबाईंनी आपल्या कागदांवरचा 'स्मरणार्थ' हा शब्द पेन्सिलीने खोडला, 'अनावरण'ही खोडलं, आणि पाहुण्यांना नुसता दीप लावायला सांगितला. पाहुण्यांना कारण कळलं नाही. पाहुण्यांना सहसा कळत नाहीच. पहिल्या रांगेत मुक्ताई बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर आमोद. त्या खुर्चीवर खरं तर एका नगरसेवकाचं नाव लावलेलं होतं.

उत्तरेश्वर बोलायला उठले. आधी त्यांनी शिधयेसरांचं नाव घेऊन माफी मागितली. कशाबद्दल ते सभागृहाला समजलं नाही, पण आमोदची मान खाली गेली आणि मुक्ताईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. मग उत्तरेश्वरांनी लिहून आणलेलं भाषण घडी करून खिशात टाकलं आणि ध्वनिक्षेपक दोन्ही हातांनी धरला.

"ह्या इमारतीला माझ्या मोठ्या भावाचं नाव दिलेलं आहे," ते म्हणाले. "वैजनाथ नागरगोजे. मी इथे शिकलो ते त्यांच्यामुळे. आजच्या कार्यक्रमाला ते असायला हवे होते."  त्यांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. मुक्ताई त्यांच्याकडे बघत होत्या.

"ते सध्या पुण्यात नाहीत," उत्तरेश्वर म्हणाले.